नवा लॅपटॉप, जुनं लिनक्स: ड्रायव्हरची लिंक शोधण्याआधी कर्नलचा आकडा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने नवा लॅपटॉप घेतला. प्रोसेसर रायझन ५ ७५३५एचएस, सोबत एनव्हिडियाचं आरटीएक्स २०५०, आणि आधीपासून विंडोज ११. सीनियरने दिलेल्या पेन ड्राइव्हवरून त्याने विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट २१ टाकलं. आता वाय-फाय दिसतच नाही. आतला माइक नाही. हॉस्टेलच्या लॅन केबलवरून एनव्हिडियाचा ड्रायव्हर उतरवून घेतला, तोही चालत नाही. झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप संध्याकाळी काढला तर गरम आणि बॅटरी रिकामी. त्याने लॅपटॉपमधल्या भागांची यादी आणि पडद्यावर आलेले संदेश पाठवून विचारलं आहे, 'या चारही गोष्टींचे ड्रायव्हर कुठून डाउनलोड करायचे? की हा लॅपटॉप लिनक्ससाठी नाहीच?'

लॅपटॉप चांगला आहे, आणि तुम्ही तो परत करायचा विचार करत असाल तर कृपया थांबा. अडचण पेन ड्राइव्हवर आहे. मिंट २१ आलं २०२२ मध्ये. त्यातला कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा, ५.१५ आकड्याचा, आणि तो प्रसिद्ध झाला ३१ ऑक्टोबर २०२१ ला. तुमचा प्रोसेसर २०२३ चा. म्हणजे जो कर्नल तुम्ही टाकलात तो लिहिला गेला तेव्हा तुमच्या लॅपटॉपमधले काही भाग बाजारात आलेलेच नव्हते. त्यांची ओळख त्याला असणार कुठून?

विंडोजची सवय असलेल्या माणसाला इथे पहिली ठेच लागते. तिकडे ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून आणायचा असतो. लिनक्समध्ये बहुतेक सगळे ड्रायव्हर कर्नलच्याच पोटात असतात, त्याच्याबरोबर वाढतात, त्याच्याबरोबर येतात. नवा कर्नल साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी निघतो आणि प्रत्येक वेळी त्यात नव्या हार्डवेअरची भर पडलेली असते. त्यामुळे 'ड्रायव्हर कुठून आणू' हा प्रश्न लिनक्समध्ये जवळजवळ नेहमीच 'कोणत्या आकड्याचा कर्नल हवा' असा विचारावा लागतो. तो तसा न विचारता लोक इंटरनेटवर ड्रायव्हर शोधत बसतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होतो.

आधी ओळख पटवू. खाली कमांड आणि फायलींची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत, लहान अक्षरांत टाइप करायची. टर्मिनल उघडा आणि 'एलएसपीसीआय -एनएनके' ही कमांड द्या. लॅपटॉपच्या आत जोडलेल्या प्रत्येक भागाची एक नोंद दिसेल आणि तिच्या शेवटी चौकटी कंसात दोन आकड्यांची जोडी असेल. पहिला आकडा बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. इंटेलचा आकडा ८०८६ आहे, त्यांच्या १९७८ च्या प्रसिद्ध प्रोसेसरवरून घेतलेला. एएमडीचा १०२२, एनव्हिडियाचा १०डीई, मीडियाटेकचा १४सी३, रिअलटेकचा १०ईसी. कर्नलमधला प्रत्येक ड्रायव्हर आपल्याबरोबर अशा जोड्यांची यादी बाळगतो. जोडी यादीत असेल तर ड्रायव्हर आपोआप चढतो. नसेल तर काहीच होत नाही. चूक दाखवणारा संदेशसुद्धा येत नाही, आणि म्हणूनच माणूस गोंधळतो.

तुम्ही पाठवलेल्या यादीत वाय-फायच्या नोंदीपुढे १०ईसी:बी८५२ आहे. हे रिअलटेकचं आरटीएल८८५२बीई कार्ड. त्याचा ड्रायव्हर, नाव आरटीडब्ल्यू८९, या कार्डाला ओळखू लागला तो कर्नल ६.२ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून. तुमच्याकडे ५.१५. वाय-फायच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर एवढंच आहे.

नोंद वाचताना आणखी एक ओळ बघायची, 'कर्नल ड्रायव्हर इन यूज'. ती नसेल तर त्या भागाला कुणीच वाली नाही, म्हणजे बहुधा नवा कर्नल हवा. ती ओळ आहे आणि तरीही वस्तू चालत नाही, तर गोष्ट वेगळी: ड्रायव्हर हजर आहे, त्याला दुसरं काहीतरी कमी पडतंय. बहुतेक वेळा ते असतं फर्मवेअर. आजकालची वाय-फाय कार्डं, ग्राफिक्स, ध्वनीचा प्रोसेसर हे सगळे स्वतःच छोटे संगणक असतात आणि चालू होताना ड्रायव्हरकडून आपला प्रोग्राम मागून घेतात. ते प्रोग्राम 'लिनक्स-फर्मवेअर' नावाच्या पॅकेजमधून येतात आणि '/लिब/फर्मवेअर' या फोल्डरात बसतात. कर्नल नवा टाकला आणि हे पॅकेज जुनंच राहिलं, तर निम्मंच काम होतं. 'सुडो डीमेसेज' (दुसरा शब्द डी-एम-ई-एस-जी असा टाइप करायचा) ही कमांड देऊन त्यात फर्मवेअर हा शब्द शोधा. 'फेल्ड विथ एरर -२' असं दिसलं तर घाबरू नका. उणे २ चा अर्थ कर्नलच्या भाषेत फक्त 'ती फाइल सापडली नाही' इतकाच आहे. पॅकेज अद्ययावत केलं की प्रश्न मिटतो. उणे ११० दिसलं तर मात्र त्याचा अर्थ 'वाट पाहिली, समोरून उत्तर आलं नाही'. तिथे बायोस (लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, त्याच्या बोर्डावरचा प्रोग्राम), वीजबचतीच्या सेटिंग किंवा खरोखर बिघडलेलं कार्ड यांच्याकडे बघावं लागतं.

आकडा बघण्याचा आग्रह मी का धरतो, तर लॅपटॉपचं मॉडेलचं नाव इथे फसवतं. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये एका खेपेला रिअलटेकचं वाय-फाय कार्ड असतं, दुसऱ्या खेपेला मीडियाटेकचं, तिसऱ्या देशात इंटेलचं. 'माझ्याकडे हेच मॉडेल आहे, सगळं चालतं' असं कुणी लिहिलं असेल तर तो माणूस खोटं बोलत नाही, पण त्याच्या पेटीत वेगळं कार्ड असू शकतं. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. मदत मागतानाही मॉडेलच्या नावाबरोबर हे आकडे आणि 'यूनेम -आर' या कमांडने दिसणारा कर्नलचा आकडा द्या. उत्तर देणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

आता उपाय. तुमच्याकडे जपण्यासारखं अजून काही साठलेलं नाही, म्हणून मी सरळ सांगेन: मिंट २१ काढा आणि मिंट २२.२ टाका. त्यात कर्नल ६.१४ आहे आणि फर्मवेअरही त्याला जुळणारं. ज्यांना पुन्हा सगळं बसवायचं नाही त्यांनी मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' आणि त्याखाली 'लिनक्स कर्नल्स' उघडावं. मिंट २१ वरही तिथून ६.८ घेता येतो. उबंटू, डेबियन, फेडोरा ही मिंटसारखीच लिनक्सची इतर रूपं. उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीत हीच सोय 'एचडब्ल्यूई' या नावाने असते: २४.०४ सुरू झाली ६.८ वर आणि २४.०४.३ पर्यंत ६.१४ वर आली. डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ होता, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतं आणि चालू आवृत्तीतही कर्नल पुढे नेत राहतं. माझं मत विचाराल तर लॅपटॉपचं मॉडेल बाजारात येऊन वर्षही झालं नसेल तर फेडोरा, दोन वर्षं होऊन गेली असतील तर मिंट किंवा उबंटू. तुम्ही दुसऱ्या गटात आहात. नवं मशीन आणि 'खूप स्थिर म्हणून' निवडलेली जुनी आवृत्ती ही जोडी मात्र टाळा. जे हार्डवेअर कर्नलला माहीतच नाही, त्याच्यावर स्थिर असण्याचा उपयोग काय?

तुमच्याकडे लॅन केबल होती. ज्यांच्या पातळ लॅपटॉपला लॅनचं भोकच नसतं, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण 'वाय-फाय नाही म्हणून अपडेट नाही, अपडेट नाही म्हणून वाय-फाय नाही' या चक्रात अडकलेले लोक मी फार पाहिले आहेत. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला फोन हे साधं लॅन कार्ड वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर तोच पुढे दिला जातो आणि मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही. केबल मात्र डेटा जाणारी हवी. फक्त चार्जिंगच्या स्वस्त केबलने लॅपटॉपला फोन दिसत नाही.

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हरचा कोड उतरवून स्वतः बांधायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम तयार करायचा, मार्ग तुम्हाला कुणीतरी सुचवलाय. त्याबद्दल थोडं जपून लिहितो, कारण त्या मार्गावर काही फार मोठ्या मनाच्या लोकांनी काम केलं आहे. रिअलटेकच्या कार्डांसाठी लॅरी फिंगर यांनी वर्षानुवर्षं असे ड्रायव्हर सांभाळले. कर्नलमधलाच कोड ते जुन्या कर्नलवर चालेल असा करून ठेवत आणि अडलेल्या अनोळखी माणसांना उत्तरं देत. २०२४ च्या जूनमध्ये ते गेले. माझ्याही हातून जोडल्या गेलेल्या कितीतरी लॅपटॉपचं वाय-फाय त्यांच्या कामावर चाललं आणि ते ऋण मी विसरणार नाही. पण हा मार्ग तेव्हाचा, जेव्हा नवा कर्नल मिळवणं अवघड होतं. बाहेरून बांधलेला ड्रायव्हर कर्नलच्या प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा बांधावा लागतो. कधी तो बांधला जात नाही आणि नेमकं परीक्षेच्या आदल्या रात्री वाय-फाय जातं. आज मिंट २२ सहज मिळत असताना तुम्ही तिकडे जाऊ नका.

पुन्हा बसवण्याआधी विंडोजमध्ये जाऊन तीन कामं करा, आणि याच क्रमाने. पहिलं, बिटलॉकरची रिकव्हरी की. विंडोज ११ अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतं, मालकाला कित्येकदा ते माहीतही नसतं. बायोसमधल्या सिक्युअर बूटच्या (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणाऱ्या सोयीच्या) सेटिंगला हात लागला की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर दिसते. कागदावर उतरवून ठेवा. दुसरं, बायोस अपडेट. याविषयी खाली झोपेच्या, म्हणजे झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो त्या, संदर्भात लिहितो आहे, पण आत्ताच सांगतो: विंडोज पुसण्याआधी बायोस शेवटच्या आवृत्तीवर आणा. काही कंपन्या बायोसचं अपडेट फक्त विंडोजमधून चालणाऱ्या फाइलच्या रूपातच देतात. तिसरं, विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिलं तर फायली खराब व्हायचा धोका असतो.

तुमचा प्रोसेसर एएमडीचा आहे म्हणून पुढची अडचण तुम्हाला आली नाही, पण इंटेलवाल्यांसाठी इथेच नोंदवून ठेवतो. काही लॅपटॉपमध्ये बायोसमधलं डिस्कचं सेटिंग 'रेड' किंवा 'व्हीएमडी' असं असतं आणि लिनक्स बसवताना एसएसडी दिसतच नाही. ते 'एएचसीआय' करायचं, पण थेट केलं तर विंडोज सुरू होत नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल करायचा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्यायचं आणि नंतर नेहमीच्या मोडवर आणायचं. हा क्रम चुकला म्हणून सगळी डिस्क पुसून बसलेली माणसं माझ्याकडे आली आहेत.

आता एनव्हिडिया. तुमच्या ड्रायव्हर चढवतानाच्या संदेशात 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं आहे. म्हणजे ड्रायव्हर नीट बांधला गेला आहे, पण दारावरच्या पहारेकऱ्याने त्याला आत सोडलेलं नाही. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल फक्त सही असलेले भाग आत घेतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर तुमच्या मशीनवर बांधला गेला, त्यावर सही तुमच्याच मशीनने तयार केलेल्या किल्लीची, आणि ती किल्ली अजून बायोसच्या बाजूला नोंदलेली नाही. ड्रायव्हर टाकताना तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगितलं असेल. त्यानंतर पहिल्यांदा लॅपटॉप सुरू होताना निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कुठलीतरी कळ दाबायला सांगतो. बहुतेक लोक तेव्हा चहा आणायला गेलेले असतात, पडदा निघून जातो आणि नोंदणी राहून जाते. नवीन मिंटवर हे पुन्हा होईल, तेव्हा समोर बसून राहा. 'एन्रोल मोक' (मोक म्हणजे तीच किल्ली) निवडा, मग 'कंटिन्यू', 'यस', तो पासवर्ड आणि रीबूट. संधी हुकलीच तर 'मोकयूटिल' या साधनाने ती नोंदणी पुन्हा मागता येते. सिक्युअर बूट सरळ बंद करणं हा सोपा उपाय आहे आणि मी त्याला पाप मानत नाही, पण विंडोज सोबत ठेवणार असाल तर किल्ली नोंदवणंच बरं.

ड्रायव्हर चालू झाला की 'एनव्हिडिया-एसएमआय' सारखी सारखी देऊ नका. त्या कमांडनेच झोपलेलं कार्ड जागं होतं आणि मग वाटतं की कार्ड झोपतच नाही. ते खरंच झोपलंय का हे बघायचं असेल तर '/सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस' मध्ये त्या कार्डाच्या फोल्डरातली 'पॉवर/रनटाइम_स्टेटस' ही फाइल वाचा. तिथे 'सस्पेंडेड' दिसायला हवं. तुमच्यासारख्या दोन ग्राफिक्सच्या लॅपटॉपमध्ये बॅटरी किती टिकते हे मुख्यतः यावरच ठरतं.

माइक हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण इथे नवा कर्नलही कदाचित पुरणार नाही आणि तरीही उपाय तुमच्या हातात आहे.

तुमच्या पिढीच्या रायझन लॅपटॉपमध्ये आतला माइक जुन्या पद्धतीने ध्वनीच्या चिपला जोडलेला नसतो. तो प्रोसेसरमधल्याच एका ध्वनिभागाला थेट जोडलेला असतो. आता एएमडीच्या प्रोसेसरवर तो भाग सगळीकडेच असतो, पण प्रत्येक कंपनी तिथे माइक जोडतेच असं नाही. मग कर्नलने ओळखायचं कसं? खरं तर बायोसने ते सांगायला हवं. लॅपटॉपची रचना कशी आहे हे सांगणारे तक्ते बायोसमध्ये असतात, पण ते बहुतांश वेळा विंडोजवर चालतंय एवढं पाहून पुढे पाठवले जातात. जिथे ते अपुरे असतात तिथे कर्नलवाल्यांनी आपली यादी केली आहे. कर्नलच्या कोडमध्ये 'साउंड/एसओसी/एएमडी/वायसी' या फोल्डरात एक फाइल आहे आणि तिच्यात चक्क लॅपटॉपची नावं लिहिली आहेत: या कंपनीचं हे मॉडेल असेल तर आत माइक आहे असं समजावं. तुमचं मॉडेल यादीत असेल तर मिंट २२.२ टाकताच माइक दिसेल. नसेल तर नाही दिसणार, मग सेटिंगमध्ये कितीही फिरा.

दिसला नाही तर 'सुडो डीएमआयडीकोड -एस सिस्टिम-प्रॉडक्ट-नेम' ही कमांड द्या आणि आलेलं नाव जसंच्या तसं उतरवून घ्या, मधली जागा आणि लहानमोठी अक्षरंसुद्धा. त्या यादीत एक मॉडेल वाढवायला सात ओळी लागतात. त्यातल्या दोनच तुमच्या असतात, एक कंपनीचं नाव आणि एक मॉडेलचं. त्या फाइलचा इतिहास उघडून बघा. असे सात-सात ओळींचे बदल एकाखाली एक लागलेले दिसतील. कर्नलच्या ध्वनिविभागातल्या या भागाची देखभाल मार्क ब्राऊन करतात, त्यांच्याकडे तो बदल ईमेलने जातो. आणि स्थिर कर्नलच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे की नव्या उपकरणाची ओळख किंवा अशा खास नोंदी जुन्या चालू आवृत्त्यांतही घेतल्या जातात. म्हणजे तुम्ही पाठवलेल्या सात ओळी पुढे मिंटच्या साध्या अपडेटमधून, तुमच्याच मॉडेलचा लॅपटॉप घेतलेल्या प्रत्येकाकडे पोचू शकतात.

हे मी पुस्तकी बोलत नाही. २०२३ मध्ये कोल्हापूरच्या एका ओळखीच्या मुलीचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता. सुरुवातीच्या मेनूत कीबोर्ड चालायचा, लिनक्स सुरू झालं की ठप्प. दुकानदाराने तिला सांगितलं होतं की लिनक्सने कीबोर्ड जाळला. ती रडवेली झाली होती, कारण लॅपटॉप वडिलांनी कर्ज काढून घेऊन दिला होता. कळ दाबल्याची वर्दी प्रोसेसरला ज्या वाटेने जाते, त्या वाटेबद्दल बायोसच्या तक्त्यात एक लिहिलेलं आणि कर्नलने दुसरंच धरलेलं, एवढाच तो घोळ होता. तिथेही कर्नलमध्ये मॉडेलच्या नावांची यादीच होती, आणि तिचं मॉडेल जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कुणीतरी तीन महिने आधी यादीत घातलं होतं. यूएसबी कीबोर्ड जोडून कर्नल नवा केला, कीबोर्ड चालू. ज्याने ती नोंद घातली त्याला ही मुलगी कधी कळणार नाही. तुमच्या माइकची नोंद अशीच कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून तेवढे कष्ट घ्या असं मी मनापासून सांगतो. तोवर हेडफोनच्या पिनचा माइक वापरा, तो वेगळ्या मार्गाने येतो आणि चालेल.

राहिली झोप. '/सिस/पॉवर/मेम_स्लीप' ही फाइल वाचा. पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये तिथे 'डीप' असा पर्याय दिसायचा. त्यात प्रोसेसरची वीज तुटायची, फक्त रॅम जागी राहायची आणि ते सगळं बायोस सांभाळायचा. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तिथे फक्त 'एस२आयडल' असतं. या पद्धतीत प्रोसेसर बंद होत नाही, सगळ्या भागांनी एकेक करून डोळे मिटायचे आणि सगळे मिटले की मग तो खोल उतरतो. एकाने जरी डोळे उघडे ठेवले तरी घर जागंच. पडदा काळा, पंखा बंद, पण वीज जातच राहते. बॅगेत लॅपटॉप गरम होतो तो असा. आणि आधीच्या कर्नलमध्ये एएमडीच्या या झोपेचं काम अपुरं होतं, म्हणून तुमचा हा त्रास नव्या कर्नलने बहुधा निम्म्याहून कमी होईल.

पण 'बहुधा' वर थांबू नका, मोजा. कर्नल ६.४ पासून '/सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स' मध्ये 'लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप' नावाची फाइल आहे. लॅपटॉप दहा मिनिटं झोपवा, उठवा आणि ती वाचा. आकडा मायक्रोसेकंदांत असतो, दहा मिनिटांचे साठ कोटी. साठ कोटींच्या जवळपास असेल तर झोप खरी. शून्य असेल तर लॅपटॉप एक क्षणही खोल झोपलेला नाही. शून्य आलं तर पहिला संशय बायोसवर. म्हणूनच वर म्हटलं की तो आधी अद्ययावत करा. लिनक्समधूनही 'एफडब्ल्यूअपडीएमजीआर गेट-अपडेट्स' देऊन बघा. रिचर्ड ह्यूज यांनी उभ्या केलेल्या सेवेतून अनेक कंपन्या आता बायोस थेट लिनक्सवर देतात. दुसरा संशय एनव्हिडियाच्या कार्डावर, तिसरा एसएसडीवर. त्याच्याही पुढे शोधायचं असेल तर मारियो लिमॉनसिएलो यांनी एएमडीमध्ये असताना लिहिलेलं 'एएमडी-एस२आयडल' हे साधन वापरा. ते स्वतः लॅपटॉप झोपवून उठवतं आणि कोण जागं राहिलं ते नाव घेऊन सांगतं. झोप लगेच मोडत असेल तर माउसचा यूएसबी रिसीव्हर काढून बघा. हायबरनेटकडे (रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून लॅपटॉप बंद करण्याकडे) वळायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा: उबंटू, मिंट आणि फेडोरा यांत सिक्युअर बूट चालू असताना कर्नल हायबरनेट होऊ देत नाही.

'हा लॅपटॉप लिनक्ससाठी नाहीच का' या तुमच्या भीतीबद्दलही बोलायला हवं, कारण काही गोष्टी खरोखर अवघड असतात. बोटाचा ठसा घेणाऱ्या कित्येक चकत्यांना लिनक्सचा ड्रायव्हर नाही. 'एलएसयूएसबी' या कमांडमधला आकडा एफप्रिंट या ठशांचे ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रकल्पाच्या यादीत नसेल तर त्यावर वेळ घालवू नका. इंटेलच्या काही पातळ लॅपटॉपमधला कॅमेरा यूएसबीचा नसतो, त्याला आयपीयू६ म्हणतात. त्याच्या ड्रायव्हरचा पहिला टप्पा कर्नलमध्ये आला तो ६.१० ला, आणि अजूनही मॉडेलगणिक फरक पडतो. २०२४ च्या मध्यापासून आलेले स्नॅपड्रॅगन एक्सचे लॅपटॉप तर वेगळ्याच जातीचे: तिथे प्रत्येक मॉडेलसाठी स्वतंत्र वर्णन लिहावं लागतं, आणि तुमच्यासारख्या विद्यार्थ्याने रोजच्या कामासाठी सध्या तो रस्ता धरू नये. तुमच्या लॅपटॉपमध्ये यातलं काहीही नाही.

तुमचे मित्र लॅपटॉप घ्यायला निघाले असतील तर त्यांना ताज्या फेडोराचा किंवा मिंटचा पेन ड्राइव्ह बरोबर द्या. दुकानात प्रदर्शनाला ठेवलेल्या लॅपटॉपवर, दुकानदाराला विचारून, काहीही न बसवता नुसता तो सुरू करा. वाय-फायची यादी दिसते का, आवाज येतो का, माइकवर बोललेलं परत ऐकू येतं का, ब्राइटनेसच्या कळा चालतात का, झाकण मिटून उघडल्यावर पडदा येतो का. पंधरा मिनिटं लागतात. पुण्यात आणि मुंबईत मी हे अनेक दुकानांत केलं आहे. नम्रपणे विचारलं आणि काही पुसणार नाही हे दाखवून दिलं की बहुतेक जण हो म्हणतात.

तुम्ही आता बिटलॉकरची की लिहून घ्या, बायोस अपडेट करा, मिंट २२.२ टाका आणि सगळी अपडेट झाल्यावर तीन गोष्टी मला पाठवा: 'यूनेम -आर', 'एलएसपीसीआय -एनएनके' आणि दहा मिनिटांच्या झोपेनंतरचा तो आकडा. माइक दिसत नसेल तर मॉडेलचं नावही पाठवा. त्या सात ओळी तुम्हीच लिहा आणि तुमच्याच नावाने पाठवा. पाठवण्याआधी ईमेलचा मसुदा मी बघून देईन.